वैद्य मागच्या सीटवर

गॅरेजवर पाटी नव्हती, कारण पाटीवर काय लिहायचं यावर मालकाचं आणि त्याच्या बायकोचं एकमत होईना. तिला 'दुरुस्ती' हवं होतं, त्याला 'निदान'. लोकांनी परस्पर निकाल लावला आणि त्याला वैद्य म्हणायला लागले. गाडी आली की हा आधी पान्हा उचलायचाच नाही. डोळे मिटून हँडलच्या मुठीवर तीन बोटं ठेवायचा आणि नाडी बघितल्यासारखा उभा राहायचा. मग "बेअरिंग गेलंय" असं काहीतरी बोलायचा आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. जेव्हा निघायचं नाही, तेव्हा "तुला गाडी चालवता येत नाही" असं निदान गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकायचा. चाळीस वर्षांत कितीतरी भल्या माणसांनी हे निमूटपणे ऐकून घेतलं होतं.

आणखी एक खोड होती. वैद्य कुणाच्या मागे बसत नसे. स्वतःच्या लग्नालासुद्धा तो स्वतः गाडी चालवत गेला होता. मागे बसणं म्हणजे आपला जीव दुसऱ्याच्या अकलेवर सोपवणं, असं त्याचं म्हणणं. एवढी अक्कल त्याला जगात कुणाकडे दिसत नव्हती.

एक अपवाद होता, मोठी बहीण; लहानपणी तो तिच्या मागे बसला होता, पुढे तेही सोडलं. ती घरोघर आणि शिंप्यांकडे जाऊन शिलाई मशिनं दुरुस्त करायची. हत्यारांची पेटी मागे बांधून मोटारसायकलवरून गावभर फिरायची. वैद्याला गाडी शिकवली तिनेच. तो साठीला आला, पोट सुटलं, चष्मा लागला, तरी ती त्याला बारक्याच म्हणे.

ही बहीण जिन्यावरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आत सळई बसली. डॉक्टर म्हणाले, पाय टेकवून गाडी तोलायची नाही. तिच्या मुलाने ताबडतोब आपल्या घराच्या गॅलरीत एक खुर्ची आणून ठेवली.

"गॅलरीत बसायला मी काय कुंडी आहे?" ती म्हणाली आणि काठी टेकत, शेजारच्या पोराकडून गाडी ढकलून घेत भावाच्या दारात आली. "बारक्या, हिला तीन चाकं लाव."

वैद्याने असलं काम कधी केलं नव्हतं, त्यामुळे त्याने लगेच हो म्हटलं. मागचं चाक काढून दोन चाकांचा एक्सल बसवला, ब्रेक जोडले, रंगही दिला. गाडी अशी दिमाखात उभी राहिली की बायकोनेही नाव ठेवलं नाही. बहीण बसली, निघाली, आणि पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे लाँड्रीवाल्याच्या दोरीत घुसली. परत आली तेव्हा हँडलवर कुणाची तरी चादर होती.

"डावीकडे म्हटलं की उजवीकडे पळते. तुझ्यासारखीच आहे," ती म्हणाली.

वैद्याने टायरची हवा बघितली. पुढच्या चाकापासून मागच्या चाकांपर्यंत दोरी ताणून एक्सल तिरका आहे का ते पाहिलं. पुढचं चाक जॅकवर उचलून हँडल दोन्हीकडे फिरवलं. बेअरिंगचा नट जरा घट्ट निघाला, तो सैल केला. मग स्वतः चक्कर मारली, तर गाडी अगदी शहाण्यासारखी चालली. बहीण बसली की पुन्हा लाँड्री. त्याने बेअरिंग बदललं. पुन्हा लाँड्री. लाँड्रीवाल्याने शेवटी दोरीच हलवली.

मुलगा हे बघायला आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "मामा, रविवारपर्यंत बघ. सरळ चालली तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर गाडी इथेच राहील आणि आई माझ्याकडे."

बहीण हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसून राहिली. ती गप्प बसलेली वैद्याने कधी पाहिली नव्हती आणि त्याला त्याची भीती वाटली.

रविवारी सकाळी बायकोने विचारलं, "ताई गाडी चालवतात तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"दारात."

"दारातून नाडी कळते का? मागे बसा की."

वैद्याने चहा संपवला, आणखी एक मागितला. दुसरा कप मिळाला नाही. मग तो मुकाट्याने उठला आणि बहिणीच्या मागे जाऊन बसला. समोरचा न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर आला.

टाकीच्या कोपऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे बहिणीचा डावा खांदा झुकला आणि तिने डावी मूठ पुढे ढकलली. अगदी थोडी. दोन चाकांवर पळत्या गाडीला एवढं केलं की ती त्या बाजूला झुकते आणि वळते. वैद्याला हे ठाऊक होतं, कारण हे शिकवलं होतं तिनेच. पण तीन चाकांची गाडी झुकत नाही. मूठ पुढे ढकलली की चाक दुसऱ्या बाजूला फिरतं आणि गाडी निमूट तिकडे जाते. ती गेलीच. दोरी आता तिथे नव्हती म्हणून भिंतीपाशी थांबली.

वैद्याला आठवलं. पहिल्या दिवशी त्याने स्वतः ही गाडी जुन्या टायरच्या ढिगात घातली होती. बेअरिंगला शिव्या दिल्या आणि कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत हात त्याला न विचारता शहाणे झाले, म्हणून नंतर त्याला दोष दिसेना. गाडीत काही बिघाड नव्हताच. जे निदान त्याने आयुष्यभर लोकांच्या तोंडावर फेकलं, ते एकदाच खरं निघालं होतं, आणि तेही या बाईच्या बाबतीत.

"ताई..." तो अडखळला.

"काय? पुन्हा बेअरिंग?"

"नाही. तुला गाडी चालवता येत नाही."

तिने मान वळवली. "तुला कुणी शिकवली रे बारक्या?"

"तूच. म्हणून मलाही येत नव्हती. मी पहिल्याच दिवशी टायरच्या ढिगात घातली. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

बहीण इतकी हसली की तिने खुबा धरला. "गाढवा! हे आधी सांगितलं असतंस तर त्या लाँड्रीवाल्याच्या चादरी वाचल्या असत्या. चल, आता तू शिकव."

"झुकू नकोस. जिकडे जायचं तिकडची मूठ आपल्याकडे ओढ."

ते टाकीभोवती फिरत राहिले. ती ढकलायची, तो मागून "ओढ!" म्हणून ओरडायचा. हळूहळू त्याचं ओरडणं कमी झालं. मुलाची गाडी गॅरेजपाशी थांबली तेव्हा ही दोघं समोरून येत होती. बहिणीने डावीकडचं वळण असं घेतलं की न्हाव्याने गिऱ्हाईक सोडून टाळ्या वाजवल्या.

मुलगा गाडीतून उतरला. "मग खुर्चीचं काय करू?" त्याने विचारलं.

"तिच्यावर कुंडी ठेव," बहीण म्हणाली.

वैद्य घाईघाईने उतरायला लागला. सगळी गल्ली बघत होती. बहिणीने मान न वळवता मागे हात नेऊन त्याची बाही धरली.

"कुठे निघालास? उजवं वळण अजून राहिलंय."

तो पुन्हा बसला आणि दोन्ही हातांनी तिचे खांदे घट्ट धरले, पहिल्यांदा तिच्या मागे बसला होता तेव्हा धरले होते तसेच.