घंटीबाईंचा तास

दुसरीच्या वर्गाच्या बाईंना शाळेत कुणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्यांना घंटीबाई म्हणत, आणि बाई खुशाल ओ देत. त्यांच्या टेबलावर एक छोटी पितळी घंटी होती, वरून टपली मारली की टिंग करणारी. शेवटच्या तासाला मुलं पाळीपाळीने परीकथा वाचत. गोष्टीतलं कुणी मूर्खपणा करायला निघालं, की ज्याच्या ध्यानात येईल त्याने उठून घंटी वाजवायची आणि त्या राजपुत्राला नाहीतर परीला तोंडावर सुनावायचं. "अरे शहाण्या, चेटकिणीने झाड लावलं, तर फळ गोड कसं असेल?" असा कल्ला चाले, की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर भिंतीवर थापा मारत.

बाई फार मोठ्या पंडित होत्या अशातला भाग नाही. चष्मा डोक्यावर ठेवून अख्ख्या वर्गाला तो शोधायला लावत. पण वाचलेला शब्द पोराच्या डोक्यात गेला की नुसताच ओठांवरून घसरला, हे त्यांना पोराच्या चेहऱ्यावरून कळे. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

घोडं अडलं होतं ते एका मुलीपाशी. शिंप्याची लेक, वर्ग तिला एक्सप्रेस म्हणे. पुस्तक समोर आलं की ही सुसाट! ना स्वल्पविराम, ना श्वास. तिचा बाप कापड बेतता बेतता गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगे, "आमची चिमणी एका दमात पुस्तक संपवते, बरं का!" आणि वाचून झाल्यावर बाईंनी विचारावं, "राजकन्या का रडली गं?" तर चिमणी ढिम्म. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वर्ष संपत आलं तरी तिने घंटीला एकदाही हात लावला नव्हता. बाईंना घास गोड लागेना.

"वाचतेय ना पोरगी? मग झालं तर!" नवरा म्हणे.

"वाचत नाहीये हो ती. नुसती धावतेय."

त्यातच मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं: गोष्टींचा तास बंद, त्या जागी वेगवान वाचन. बाई तडक त्यांच्या खोलीत गेल्या आणि कडाकडा भांडल्या. सर माणूस वाईट नव्हता, पण घड्याळावर त्यांची भारी श्रद्धा.

"तुमच्या वर्गात सगळ्यांत झरझर कोण वाचतं?" त्यांनी विचारलं. "एक्सप्रेस. ती कधी घंटी वाजवते? नाही ना? मग तिचं काय अडलंय? उद्या आणा तिला इथे. नवी गोष्ट मी देतो. न थांबता वाचली, तर तास बंद. कबूल?"

बाईंनी नाइलाजाने मान हलवली. नेमकं वर्मावर बोट ठेवलं की हो मेल्याने! त्या पोरीला समजत नव्हतं, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि ती उद्या थांबणार नाही, हेही.

दुसऱ्या दिवशी एक्सप्रेस सरांच्या टेबलापाशी उभी राहिली. सरांनी कपाटातून हाताला लागेल ते पुस्तक काढलं आणि मनगटावरचं घड्याळ सोडून पुढ्यात ठेवलं. बाई कोपऱ्यात खुर्चीच्या कडेवर बसल्या. दोन्ही हात मांडीत घट्ट धरलेले.

गाडी सुटली. एका राक्षसाने एका मोच्याला कोंडून ठेवलं होतं. मोच्याच्या मुलीला राक्षस म्हणाला, "मला बूट शिवून दे. ते ज्या दिवशी उसवतील, त्या दिवशी तुझ्या बापाला सोडीन." एक्सप्रेसने पान उलटलं. "मुलीने जाड कातडं घेतलं दोऱ्याला मेण लावलं आणि मन लावून दुहेरी टाका..."

आवाज बंद.

"वाच की बाळ," सर म्हणाले.

तिने पान मागे उलटलं. राक्षसाच्या बोलण्यावर बोट ठेवलं. ओठ हलले. पुन्हा पुढच्या पानावर आली. तिचा चेहरा लालेलाल झाला. तिने टेबलभर नजर फिरवली. शिपायाला बोलवायची सरांची घंटी तिथेच होती. टिंग! टिंग! टिंग!

"अगं ए वेडे!" ती पुस्तकावर ओरडली. "दुहेरी टाका नको घालूस! माझे बाबा घालतात तो. तो कध्धीच उसवत नाही! मग तुझे बाबा सुटणार कसे? कच्चा टाका घाल, कच्चा!"

बाईंना इतका आनंद झाला की काय करावं ते कळेना. डोळे घळाघळा वाहू लागले आणि पुसायचंही भान राहिलं नाही.

घंटी ऐकून शिपाई धावत आला. "बोलावलंत, सर?"

सरांचं घड्याळ टेबलावर तसंच पडून होतं. ते स्वतः पुस्तकावर ओणवे झाले होते.

"थांबा हो जरा," मान वर न करता ते म्हणाले. "आधी तिचा बाप सुटू दे."