इश्यू न्हाई

थोरल्या बहिणीचे सासरे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. उंब्रजजवळ त्यांचा ऊस होता. त्यांचा मुलगाही फौजेत. वर्षातून दोन महिने रजेवर यायचा. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली असतील. एका दुपारी सासरे तासगावला आमच्या घरी आले, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि वडिलांना म्हणाले, "पाच वरसं झाली. इश्यू न्हाई. पोराचं दुसरं लगीन करावं म्हंतो. तुमच्या लेकीनं राजीखुशीनं अंगठा द्यावा."

आईला ते कळलं नाही. ती आत येऊन मला विचारू लागली, "इश्यू म्हंजी काय गं?" मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होते, सुट्टीत घरी आले होते.

"मूल," मी म्हटलं.

"मग मूल म्हणाया त्येची जीभ झडली व्हती?"

मला तो शब्द माहीत होता तो दाजींच्या तोंडून. कांबळं इश्यू झालं, बूट इश्यू झाले, असं ते सांगायचे. त्याच शब्दात माझ्या बहिणीची कूस मोजली, हे डोक्यातून जाईना. सांगलीला परतल्यावर मी ग्रंथालयातला जाड इंग्रजी कोश काढला. अर्थ संपता संपेनात. मासिकाचा अंक, वादाचा मुद्दा, वाटलेला माल, कायद्याच्या भाषेत संतती. शेवटी मूळ दिलं होतं: लॅटिन, बाहेर जाणे. थिएटरात दारावर लाल अक्षरांत 'एक्झिट' लिहिलेलं असतं, तोही याच मुळाचा. पोटातून बाहेर येतं ते इश्यू आणि ते आलं नाही म्हणून घरातून बाहेर जायचं ते बाईनं. मी कोश इतक्या जोरात मिटला की ग्रंथपाल उठून उभे राहिले.

पुढच्या खेपेला सासरे आले तेव्हा सोबत संमतीचा टाइप केलेला कागद होता. बहीण माहेरीच होती. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"मामंजी, मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा तपासलं. माझ्यात दोष न्हाई म्हणाल्या. त्यास्नी एकदा तपासून घ्या."

"जवान हाय त्यो! मेडिकल फिट हाय!"

माझा तोल गेला. मी सासऱ्यांना म्हटलं, "फौजेत छाती मोजत्यात, आबा. बाप व्हायची परीक्षा घेत न्हाईत."

वडील माझ्यावर ओरडले. सासऱ्यांवर नाही, माझ्यावर. बहिणीनं अंगठा दिला नाही. तिला सही येत होती, तीही केली नाही.

तरी लग्न झालं. गुपचूप, नात्यातल्याच मुलीशी. वर्षाच्या आत मुलगा झाला. मग भावकीतल्या बायका खुशाल म्हणू लागल्या, "बघ, दोष कुणात व्हता ते." माझ्या रागाला जणू आता आधारच उरला नव्हता. पण मी कुणाचा दोष सिद्ध करायला निघाले नव्हते. मूल झालं काय, न झालं काय, माणूस परत करायला ते काय कांबळं होतं? आजही कुणी सहज 'इश्यू' म्हणालं की माझ्या कानशिलात ठणका उठतो.

बारसं झाल्यावर बहीण मला घेऊन उंब्रजला गेली. वडिलांनी लग्नात दिलेलं शिलाई मशीन आणायचं होतं. सासरे दारातच म्हणाले, "मशीन घरातच ऱ्हाईल."

"मशीन माझं हाय," ती म्हणाली आणि त्यांच्या बाजूनं आत गेली. पाळण्याशी नवी सून उभी होती, माझ्याच वयाची, घाबरलेली. बहीण तिला वळसा घालून मशीनपाशी गेली. मशीनचं वरचं डोकं तिनं उचललं, लोखंडी पाय मी उचलले. सासरे बघत राहिले. मदतीला कुणी आलं नाही आणि अडवायलाही कुणी आलं नाही.

एस.टी.त कंडक्टर कुरकुरला, "बाई, ह्ये टपावर टाका."

"टपावर न्हाई," बहीण म्हणाली. "लगेज फाडा. मांडीवर घेऊन बसते."

कराड येईपर्यंत ती रडली, आवाज न करता, दोन्ही हात मशीनभोवती ठेवून. मी खिडकीबाहेर बघत दात आवळून बसले होते.