नका रंगवणारा पेंटर

“अहो बाई, ‘नको’ लिहा ना पुढं! अंगठी नको!”

“लिहिलंय, पेंटर. तीनदा लिहिलंय. अंगठी नको, घड्याळ नको, सैल बाही नको, प्रेसखाली हात नको. आता काय पाया पडू त्याच्या?”

“मग हे काय आलंय?”

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक गोरापान, केस विंचरलेला कामगार पत्रा ठोकणाऱ्या प्रेसपुढं उभा होता. दोन बोटांत दोन अंगठ्या, मनगटावर सोन्याचं घड्याळ, बाही अशी सैल की आत मांजर झोपावं. आणि उजवा हात थेट वरून आदळणाऱ्या ठोकळ्याखाली. चेहऱ्यावर हसू, जणू जेवायला पानावर बसलाय.

“हा मरायलाच आलाय इथं,” पेंटर म्हणाला आणि खुर्ची मागं ढकलून उभा राहिला.

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्यात पेंटरला सव्वीस वर्षं झाली होती. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं. ते हजेरीवाल्या बाईंना ठाऊक आणि पगाराच्या दिवशी त्याला स्वतःला आठवायचं. एरवी पेंटर. काम एकच, पाट्या रंगवायच्या. आणि कारखान्यातली पाटी म्हणजे काय, तर नका. थुंकू नका. धावू नका. विडी ओढू नका. चालू यंत्राला हात लावू नका. पिवळ्यावर काळं अक्षर, वर चुकीचं काम करणाऱ्या माणसाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. फुली मारताना त्याचा हात असा सरकन् फिरायचा की बघणारा दचकावा. घरीही तेच. लग्नानंतर बायकोशी तो पहिलं वाक्य बोलला ते “दाराला टेकू नकोस, रंग ओला आहे.” लेक मोठी झाली तेव्हा एकदा वैतागून म्हणाली होती, “बाबा, काय करू तेही सांगा की कधीतरी!” त्यावर त्यानं “उलट बोलू नकोस” म्हणून विषय संपवला होता.

आणि आता साहेबानं हे लफडं गळ्यात बांधलं होतं. साहेब नवा, चटपटीत, बूट करकर वाजवत चालणारा. सोमवारी येऊन म्हणाला, “पेंटर, आता ब्रश ठेवा. कॉम्प्युटरात शब्द टाकायचे, चित्र बाहेर येतं. गुरुवारी तीन वाजता तपासणीवाले येणार. प्रेस खात्यात नवं चित्र लागलेलं पाहिजे. तुम्हाला जमलं तर ठीक, नाही तर बाहेरच्या माणसाला काम देतो आणि तुमची रंगाची खोली स्टोअरला जाते. तुम्ही मग पॅकिंगला.”

पॅकिंगला! म्हणजे दिवसभर डबे मोजून खोक्यात भरायचे. त्या खोलीत त्याचे ब्रश खिळ्यांना टांगलेले होते, जाडीप्रमाणं. भिंतीवर सव्वीस वर्षांचे रंग पुसून पुसून एक कवच झालं होतं. ती खोली जाणार म्हटल्यावर त्याला जेवण गेलं नव्हतं.

आज गुरुवार. बारा वाजत आले होते. टायपिंग त्याला येत नव्हतं, म्हणून हजेरीवाल्या बाई आपलं काम सोडून बसल्या होत्या. अंग मोठं, जीभ त्याहून मोठी, पण मदतीला कधी नाही म्हणायच्या नाहीत.

“जोरात लिहा,” पेंटर म्हणाला. “अंगठी अजिबात नको. बिलकूल नको.”

बाईंनी लिहिलं. या खेपेला चार अंगठ्या आल्या.

“मुद्दाम करतंय हे! माझ्या सासऱ्यासारखं!”

“सासऱ्याला मध्ये आणू नका. बसा. पाणी प्या.”

“पाणी नको मला!”

“बघा, तोंडातून दुसरं काही येतच नाही तुमच्या,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला आणि साडेतीन आत आला. प्रेसवरचा हा जुना कारागीर. डाव्या हाताची दीड बोटं बारा वर्षांपूर्वी ठोकळ्याखाली गेली, तेव्हापासून सगळा कारखाना त्याला साडेतीन म्हणतो. तोही ओ देतो. डबा काखेत धरून तो पडद्याकडं बघत राहिला.

“सहा बोटं आहेत की रे याला,” तो म्हणाला. “माझी दीड कुठं गेली विचारत होतो, इथं वळवलेली दिसतात.”

बाई हसून लोटपोट झाल्या. पेंटर हसला नाही. त्यानं मोजली. खरंच सहा.

“तू हसतोस. माझी खोली चाललीय.”

साडेतीन टेबलाच्या कडेला टेकला. “काय सांगताय त्याला?”

“हेच. हात घालू नको, अंगठी घालू नको.”

“आणि तो घालतोय.”

“घालतोयच!”

साडेतीननं डबा खाली ठेवला. “मला काम शिकवलं त्या म्हाताऱ्यानं कुठं हात घालू नको असं कधी सांगितलंच नाही. म्हणायचा, डावा हात डाव्या बटणावर, उजवा उजव्या बटणावर, दोन्ही दाबल्याशिवाय ठोकळा खाली येत नाही. हात कुठं ठेवायचे ते कळलं की झालं.”

“मग तुझी बोटं गेली कशी?”

“डावं बटण बिघडलं होतं. कुणीतरी काडी खुपसून ते दाबून ठेवलेलं. एक हात मोकळा राहिला. मोकळा हात कुठं जाणार, जिथं जायला नको तिथं.” त्यानं डबा पुन्हा काखेत घेतला. “तुझी पाटी समोरच होती की. हात घालू नका. अक्षर झकास होतं.”

पेंटरनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा चढवला.

“बाई, सगळं पुसा.”

“सगळं?”

“सगळं. आता लिहा. दोन हात. प्रत्येकाला पाच बोटं, मोकळी, उघडी. बाही कोपराच्या वर दुमडलेली, घट्ट. उघडी मनगटं. दोन हिरवी बटणं, एक डावीकडं, एक उजवीकडं. एकेका बटणावर एकेक तळवा. मध्ये पत्रा.”

“अंगठीचं?”

“तिचं नावच काढू नका.”

चित्र आलं. अंगठी नाही, घड्याळ नाही. बाही दुमडलेली. बोटं पाच आणि पाच. साडेतीननं स्वतः मोजली, आपली पुरत नव्हती म्हणून बाईंची घेऊन. पण बटण एकच. डावा तळवा नुसताच लोखंडावर टेकलेला.

“दोन बटणं लिहा पुन्हा.”

पुन्हा एक. मग तीन आली, एका हाताजवळ दोन. मग परत एक. पेंटर कपाळावर हात मारून घेत होता, पाय आपटत होता, यंत्राच्या सात पिढ्या उद्धरत होता. अडीच वाजले.

“ते एकवालं छापा,” तो शेवटी म्हणाला.

चार कागद जोडून त्यानं प्लायवूडच्या फळीवर चिकटवले, फळी खोलीत नेली, डब्याचं झाकण उचकटलं आणि चार नंबरचा ब्रश हिरव्यात बुडवला. डाव्या तळव्याखाली एक गोल बटण काढलं. कड काळी केली. वर उजेडाचा पांढरा ठिपका दिला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सकाळपासून पहिल्यांदा त्याचा हात ऐकत होता.

तीनला पाच कमी असताना साहेब करकरत आला. प्रेसच्या वर लागलेल्या चित्राकडं मान तिरकी करून बघू लागला.

“छान आहे. पण फुली कुठंय? आणि हे डावं बटण चमकतंय जास्त…” त्यानं बोट पुढं केलं.

“हात लावू नका,” पेंटर ओरडला. “ओलं आहे!”

साहेबानं बोट मागं घेतलं. खाली साडेतीन आपल्या बटणांवर तळवे ठेवून उभा होता, वरच्या चित्रासारखाच, बोटांचा हिशेब सोडला तर. साहेब एकदा त्याच्याकडं, एकदा वर बघत राहिला.

“आणि खोलीचं?” पेंटरनं विचारलं.

“राहू दे सध्या. अजून सहा पाट्या आहेत.” त्यानं खिशातून यादी काढून दिली.

सहाच्या सहा नका. पेंटर यादी वाचत, पुटपुटत बाईंच्या टेबलाशी येऊन धपकन् बसला.

“घ्या लिहून. जिना. एक माणूस. चालतोय. एक हात कठड्यावर.”

“बोटं?”

“पाच. ती आधी लिहा.”