आईच्या मांडीतल्या पेशी

आई हसेनाशी झाली, हे आधी माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं. एरवी त्याच्या फालतू विनोदांवरही ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. आता ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवायची. शाळेतली नोकरी संपल्यावर ती भंडाऱ्याहून आमच्याकडे पुण्याजवळ मांजरीला राहायला आली होती. रविवारी विहारात वंदनेला जाणंही तिने सोडलं. विचारलं तर म्हणाली, गुडघे दुखतात. लिफ्ट बंद असली की जिना मात्र माझ्या आधी चढायची.

शेवटी गॅलरीत कपडे वाळत घालताना तिने सांगितलं. शिंकलं, खोकलं, हसलं की लघवी सुटते. माझ्या जन्मानंतर थोडं सुरू झालं होतं, आता वाढलं. बायकांचं असतंच, असं म्हणून तिने चिमटे मागितले.

मी हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर शोधत बसले आणि स्टेम सेलपाशी पोचले. बाईच्याच मांडीतला नाहीतर दंडातला स्नायूचा तुकडा काढायचा, त्यातल्या नवा स्नायू घडवणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि लघवी रोखणाऱ्या, सैल पडलेल्या स्नायूत टोचायच्या. मी इतकी खूश झाले, की त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. आईला बसमध्ये सगळं समजावलं. ती शाळा तपासायला आलेल्या साहेबांसारखी ऐकत होती.

डॉक्टरांनी तपासलं, मग मी उत्साहाने स्टेम सेलचं काढलं. त्यांनी काही बोलायच्या आत आईने विचारलं,

"मॅडम, मांडीतल्या पेशी घेतल्या तरी त्या माझ्याच वयाच्या ना? त्यांना तरी धरवेल का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. संशोधकांनाही हाच प्रश्न पडलाय, म्हणाल्या. काही प्रयोगांत बायकांना फायदा झालेला दिसतो, पण कोणाला, किती आणि किती काळ, हे अजून नक्की नाही. प्रयोगाबाहेर कोणी पैसे घेऊन ती इंजेक्शनं देत असेल, तर तिकडे फिरकू नका.

माझा चेहरा उतरला. आई म्हणाली, "म्हणजे पेशी परीक्षेला बसल्यात, निकाल लागायचाय."

डॉक्टर हसल्या, आईही हसली आणि शांतपणे म्हणाली, "झालं, सुटली. घ्या, पुरावाच मिळाला."

त्यावर आम्ही तिघीही पोट धरून हसलो.

डॉक्टरांनी खालचे स्नायू आवळून धरायचा आणि सोडायचा व्यायाम शिकवला, बरोबर जमतोय ना तेही पाहिलं. आईने तो शाळेच्या शिस्तीत केला. भाजी निवडताना, बसथांब्यावर, टीव्हीपुढे. काही महिन्यांत खूपच फरक पडला. पूर्ण थांबलं नाही, पण ती पुन्हा विहारात जायला लागली आणि तिथल्या बायकांना सगळं उघड सांगून मोकळी झाली. त्यांच्यातल्या निम्म्या जणींचं तेच दुखणं निघालं.

एका रविवारी मी तिला आणायला गेले, तर वंदना झाल्यावर बायका ओळीने खुर्च्यांवर बसलेल्या, चेहरे गंभीर, एकही हालचाल नाही. समोर आई उभी. तिने "सोडा" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम श्वास टाकला.

दाराशी उभ्या एका काकांनी आदराने विचारलं, हा ध्यानाचा वर्ग पुरुषांसाठी कधी असतो?

"तूर्त महिलांसाठीच आहे," आई म्हणाली आणि पुढची सूचना द्यायला वळली.