शेवटच्या रांगेची राखण

माझ्या नणंदेला दफनभूमीच्या फाटकावर नोकरी लागून सव्वीस वर्षं झाली. आत सगळ्या धर्मांची माणसं निजली आहेत, ज्याची त्याची रांग वेगळी. भिंतीलगतची शेवटची रांग तेवढी सरमिसळ. ज्यांच्या माणसांना जागेसाठी हुज्जत घालता आली नाही, ते तिथे.

वन्सं फाटकाला लागून असलेल्या खोलीत राहतात. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तोंडाने फटकळ, पण हात असा की खोलीत चमचासुद्धा तिरका दिसायचा नाही.

त्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर वन्सं दारातच उभ्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हणाल्या, "वहिनी, आज नवे साहेब शेवटची रांग बघायला येतायत. तुला विचारलंच तर सांग, लोक येतात म्हणून."

"कोण लोक?"

"येतात ते!"

"मी नाही बाई खोटं बोलणार. आणि तेही इथे, ह्या सगळ्यांच्या देखत?"

"ह्यांना काय ऐकू जातंय!"

"देवाला जातं."

"मग त्यालाच सांग साहेबांची समजूत घालायला," म्हणाल्या आणि खराटा उचलून चालू लागल्या. मी डबा खोलीत ठेवून मागोमाग गेले.

तिथला नियम असा. ज्या थडग्याकडे दहा वर्षं कोणी फिरकल्याची वहीत नोंद नाही, त्याला लाल चिठ्ठी बांधतात. वर्षभरात कोणी आल्याची खूण दिसली नाही, तर दगड काढून जागा दुसऱ्याला देतात. शेवटच्या रांगेत अशा तीन चिठ्ठ्या होत्या आणि वर्ष त्या दिवशी भरत होतं.

पहिली चिठ्ठी मोडलेली हाडं बसवणाऱ्या एका म्हाताऱ्याची. त्याचा मुलगा येऊन दिवा लावायचा. दुसरी जहाजावरच्या खलाशाची. त्याची बायको पेलाभर गोडं पाणी ओतायची. म्हणायची, सगळा जन्म खाऱ्या पाण्यावर काढला ह्यांनी. तिसरी एका आजीची. तिच्या लोकांत फूल नाही, दिवा नाही. येणाऱ्याने एक खडा दगडावर ठेवायचा, झालं. मुलगा, बायको आणि आजीची मुलगी, तिघंही शेवटची आली तेव्हा थकलेली होती. तिघांनीही वन्संनाच विचारलं, "आमच्यामागे तुम्ही कराल का?" वन्सं हो म्हणाल्या. त्यांचा हो म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्याला कारण होतं. माझे सासरे ह्याच रांगेत होते. वन्सं तेव्हा बारा वर्षांच्या. घर कामासाठी परगावी गेलं, नऊ वर्षांनी परतलं. तेव्हा मुदत कमी होती. वन्सं फुलं घेऊन आल्या, तर बापाच्या जागी दुसऱ्याच कोणाचं नाव. ती फुलं हातात धरून त्या किती वेळ उभ्या होत्या, ते माझे यजमान अजून सांगतात.

साहेब आले. उंच, सडपातळ, बोलणं तोलून मापून. खलाशाच्या थडग्यापाशी माती ओली होती. साहेबांनी बुटाच्या टोकाने चाचपून पाहिली. म्हाताऱ्याच्या दिव्यात वात होती. वाकून बघितली आणि पुढे सरकले. वन्संनी माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले, जणू झालं, सुटलो.

आजीच्या दगडापाशी मात्र ते थांबले. दगडावर अकरा खडे होते, लहानापासून मोठ्यापर्यंत, एका रेषेत.

"हे कोणी ठेवले?"

"तिची माणसं ठेवतात ना, साहेब."

"मी तिच्याच लोकांतला आहे, बाई. आमच्यात येणारा माणूस रडत येतो, नाहीतर घाईत येतो. हात पोचेल तिथे खडा ठेवतो. ओळ कोणी लावत नाही. हे सगळं एका हाताचं काम आहे."

वन्संच्या भांड्यांची फळी माझ्या डोळ्यांसमोर होती.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही येता-जाता इथे. तुम्ही पाहिलंय कोणाला?"

वन्संचे डोळे माझ्यावर रोखलेले. मी मनात देवाचं नाव घेतलं. "नाही," मी म्हणाले. "ह्यांच्याशिवाय कोणाला नाही पाहिलं."

वन्संच्या हातातला खराटा खाली पडला. त्यांनी तो उचललाही नाही.

"मीच करते," त्या म्हणाल्या. "तिघांचंही. शब्द दिलाय मी. आणि वाकडंतिकडं मला बघवत नाही, त्याला मी काय करू?"

साहेबांच्या ओठाची कड हलली, पण हसू वरपर्यंत आलं नाही. "नोकरीवरच्या माणसाची भेट धरता येत नाही, बाई. धरली, तर उद्या प्रत्येक पहारेकरी प्रत्येक जागा अडवून बसेल. बाहेर चाळीस घरं जागेसाठी थांबली आहेत, त्यांचीही माणसं गेली आहेत. तुम्ही नोकरी सोडलीत, तर खुशाल येणाऱ्यांत नाव लावा."

नोकरी सोडायची म्हणजे खोलीही सोडायची. एकसष्टाव्या वर्षी. वन्संनी तिन्ही दगडांवरून नजर फिरवली. मग कमरेची किल्ली सोडायला लागल्या. गाठ सुटेना.

"वन्सं, थांबा," मी म्हणाले. "साहेब, येणारा रक्ताचाच लागतो का?"

"नाही. पण नाव, नातं आणि सही लागते. दर वर्षी स्वतः यायचं. एक वर्ष चुकलं की चिठ्ठी परत. आणि नातं खोटं निघालं, तर ह्या बाईंची नोकरी मी ठेवणार नाही."

"लिहा माझं नाव. तिन्हीवर."

साहेबांनी पेन काढलं. "नातं?"

खोटं तर सांगायचं नव्हतं. खरं काय, ते सुचेना. समोर खलाशाचा दगड, पलीकडे आजीचा, आणि मधल्या जागेवर परक्याचं नाव. सासरे तिथेच होते.

"शेजारी," मी म्हणाले. "आमचे मामंजी ह्यांच्याच रांगेत होते, ह्या दोघांच्या मध्ये."

साहेबांनी त्या मधल्या दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी त्यांनी लिहिलं, तीनदा, आणि कागद माझ्यापुढे धरला. मी सह्या केल्या. त्यांनी स्वतः वाकून तिन्ही चिठ्ठ्या सोडल्या, खिशात घातल्या आणि मागे न बघता फाटकाकडे गेले.

वन्संनी माझ्याकडे पाठ फिरवली. मला वाटलं, मी खरं बोलले त्याचा राग आलाय. तो आलाच होता.

"तोंड मिटून राहिली असतीस तर निभावलं असतं," त्या म्हणाल्या.

"नसतं निभावलं."

"हं." मग माझ्या पायांकडे बघून, "तुझे गुडघे हे असे. दर वर्षी झेपणार आहे का तुला?"

"माझ्यानंतर सून येईल."

"तिला विचारलंस?"

"आज विचारते."

"आणि नाही म्हणाली तर?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. वन्संनी खराटा उचलला आणि मला हाताला धरून उठवलं. "चल, मी येते घरी तुझ्याबरोबर. आपण दोघी मिळून विचारू."