बंकरमधली आपली खोली

लग्नाला पाच महिने होतात न होतात, तोच कारखान्याने ह्यांना ट्रेनिंगसाठी फ्रान्सला धाडलं. भोपाळच्या टाउनशिपमध्ये, दोन खोल्यांच्या क्वार्टरात, उरलो सासूबाई आणि मी. घरची रीत अशी की आलेलं पत्र सुनेने मोठ्याने वाचायचं आणि सासूबाईंनी मटार सोलत ऐकायचं.

मला एवढंच कळायला हवं होतं, की ह्यांना माझी आठवण येते का.

पहिलं पत्र चांगलं चार पानी आलं. दुसऱ्या महायुद्धात ह्यांच्या ट्रेनिंगचं शहर जर्मनांनी ताब्यात घेतलं होतं म्हणे. त्यांचे बंकर अजून उभे आहेत. एकात त्यांचं मुख्यालय होतं. भिंती दोन मीटर जाड, दारं लोखंडी, छतावर आता गवत आणि त्यावर पोरं घसरगुंडी खेळतात. मी श्वास रोखून वाचत होते. शेवटी काय? "सौ.स अनेक आशीर्वाद."

सोबत वेगळ्या कागदावर त्या मुख्यालयाचा नकाशा.

"तो नीट बघ हो," सासूबाई म्हणाल्या.

"काय बघायचंय? भिंतीच ना!"

असा माझा तोरा. तो नकाशा मी मसाल्याच्या फळीवर अंथरला आणि वर हळद-हिंगाचे डबे मांडले. शेजारच्या भाभींना सांगितलं, "इनको बीवी नहीं, दीवार चाहिए थी." आणि तीन आठवडे भाकऱ्या थापताना रडले. पीठ वेगळं भिजवायची गरजच नव्हती!

मग एकदा हळद सांडली. पुसायला डबे उचलले, तर नकाशातल्या सगळ्यात छोट्या खोलीत मुंगीएवढं अक्षर: "ही आपली. दार आतून लागतं."

अरे देवा! मोठ्याने वाचायच्या पत्रात बिचारा लिहिणार तरी कुठे?

त्याच दुपारी मी आमच्या क्वार्टरचा नकाशा काढला. मागच्या खोलीत बारीक अक्षरात लिहिलं, "हे दार उघडंच आहे. लवकर या."

पाकीट बंद करण्याआधी सासूबाई माझ्या पत्राखाली दोन ओळी लिहायच्या. त्यांनी नकाशा हातात घेतला, खिडकीपाशी नेला. माझे कान तापले.

"मला बाई हल्ली बारीक अक्षर दिसत नाही," त्या म्हणाल्या आणि त्याची नीट चौपदरी घडी घातली.

मग चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून माझ्या पोलक्याचं बटण लावायला बसल्या.