ताटाचा फोटो

भोपाळला शिकायला आले तेव्हा आईनं एकच अट घातली: रोज दुपारी जेवायला बसलीस की आधी ताटाचा फोटो पाठवायचा. नागपुरात बसून माझ्या पोळ्या मोजायची ही सोय मला मुळीच मान्य नव्हती, पण मी पाठवत होते. अशोका गार्डनमधल्या खोलीत माझ्यासोबत राहणारी मैत्रीण म्हणायची, "आंटी को थाली दिख जाए बस, तू दिखे ना दिखे."

तिसऱ्या सेमिस्टरला माझे दोन विषय राहिले. आमच्या घरात नापास व्हायचं अजून कुणाला जमलं नव्हतं, तो मान माझा. घरी काही कळवलं नाही. कॉलेज सोडायचं असं मनाशी ठरवून मी पांघरुणात शिरले, आणि जेवणावरची वासनाच उडाली. मैत्रिणीनं दोन दिवस समजावलं, दोन दिवस शिव्या दिल्या. पण माझ्या आईला ती माझ्याहून जास्त घाबरायची. म्हणून रोज स्वतःचं ताट वाढून ती माझ्या फोनवरून त्याचा फोटो पाठवायची. वर कोथिंबीरसुद्धा पेरायची बया.

पाचव्या दिवशी आईचा फोन आला. "आज सगळे फोटो परत नीट बघितले. चार दिवस चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे? कुणाचं ताट हे?"

"घाईत होते गं."

"तू जन्मापासून घाईत आहेस. चटणीची बाजू कधी चुकली नाही."

दुसऱ्या दिवशी ती डब्यासकट दारात उभी. हबीबगंजला उतरले म्हणाली. स्टेशनचं नाव बदलल्याला तिनं अजून मान्यता दिलेली नाही. मैत्रिणीला म्हणाली, "बेटा, फोटो बहुत अच्छे थे." मैत्रीण जी मोरीत गेली ती बाहेरच येईना.

आईनं ताट वाढलं. मला राहवलं नाही. "आई, मी नापास झालेय."

"माहीत आहे. निकाल लागला त्याच दिवशी बघितला. तुझा रोल नंबर आहे माझ्याकडे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. जेवतेयस, एवढं तर रोज दिसत होतं ना मला."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. कॉलेज सोडते, हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि तिनं त्यात घास घातला.